बिरोबाची सही

१

शनिवारी सकाळी बिरोबाच्या जत्रेचा पहिला ढोल वाजला, आणि तो घुमत असतानाच, भर चावडीसमोर, माझे बापू चोर ठरले.

मी, कस्तुरा, तिथंच उभी होते. पिंपळपेठच्या शाळेत नववीत तीनच मुली, त्यातली एक मी. नवी रिबीन लावून पाळण्यात बसायला निघाले होते. पाळण्याचं राहिलंच.

सोनपेठपासून सात मैलांवरचं आमचं गाव. बापू, म्हणजे दिनकरराव, इथल्या नगर कमिटीचे कारकून. शिंदीची दारू विकायचा गुत्ता, म्हणजे ठेका, आबकारी खातं देतं, पण जत्रेत दुकान कुठं मांडायचं आणि किती वाजता बंद करायचं, त्याचा पाच दिवसांचा परवाना कमिटी देते. गेल्या साली दुकान विहिरीला चिकटून होतं. पिऊन झालेल्या मारामारीत केवळाबाईचा ग्यानबा मधे पडला आणि त्याचा डोळा गेला. म्हणून यंदा केवळाबाईनं एक्केचाळीस बायकांचे अंगठे घेऊन अर्ज दिला. कमिटीनं ठराव केला, 'दुकान ओढ्यापलीकडं, दिवस मावळायच्या आत बंद.' परवाना बापूंनी स्वतः लिहिला. मी शेजारी बसून त्यांची दौत धरली होती.

आणि शनिवारी दुकान उभं कुठं? विहिरीजवळ! मडकीसुद्धा त्याच जागी. खांबाला परवाना टांगलेला, 'विहिरीजवळ, रात्री बारापर्यंत.' खाली कमिटीचा शिक्का. अक्षर बापूंचं.

"हे मी लिहिलं नाही," बापू म्हणाले. "ठराव आणि अर्ज फायलीत आहेत. दाखवतो." त्यांनी कमरेची किल्ली काढून कमिटीच्या दफ्तरातली पत्र्याची पेटी उघडली.

फाईल नव्हती. कुलूप जागच्या जागी होतं, कुठं ओरखडा नव्हता.

कमिटीचे अध्यक्ष चंद्रभानशेठ यांनी हात पुढं केला. "किल्ली द्या, दिनकरराव. सोमवारी तहसीलदारसाहेब जत्रेला यायलेत. चौकशी करतील ते. तवर त्या लिंबाखालच्या दगडावर बसायचं. दफ्तरात पाय ठेवायचा न्हाई."

बापू जाऊन बसले. गर्दीतून केवळाबाई आली. मला वाटलं शिव्या देईल. ती अगदी हळू बोलली.

"दिनकरराव, माझ्या लेकराचा डोळा कितीला इकला?"

बापूंनी मान खाली घातली. माझ्या बापूंनी! वर्गातल्या पोरांनी मला 'कारकुनीण' म्हटलं तर मी पाटी फेकून मारते, आणि ते नुसते बसले. तेव्हाच मी ठरवलं. ज्यानं त्यांना त्या दगडावर बसवलं, त्याला मी त्याच दगडावर बसवणार. सगळ्या जत्रेसमोर. त्याहून एक बोट कमी नाही.

२

"किल्ली कमरेवरून कधी काढली होती?" मी विचारलं.

"कधीच नाही. झोपतानासुद्धा नाही."

"आठवा ना, बापू."

"कस्तुरा, घरी जा. लोक बघायलेत."

"बघू द्या. शुक्रवारी कुठं कुठं गेला होता?"

बापू बोटांवर मोजायला लागले. मग एकदम त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "देवळात."

इथं परगावच्या वाचकांना एक सांगायला हवं. आमच्या जत्रेतल्या परवान्याला दोन सह्या लागतात. सरकारची सही शाईची, बिरोबाची सही हळदीची. आदल्या दिवशी कारकून सगळे परवाने देवळात नेतो, पुजारी त्यावर भंडारा, म्हणजे देवाची हळद, उधळतो आणि मग कागद ज्याचे त्याला मिळतात. पिवळा नसलेला परवाना आमच्याकडं कुणी परवाना मानतच नाही.

आणि बापूंची किल्ली असते चामड्याच्या पट्ट्यात. बिरोबाच्या गाभाऱ्यात चामडं चालत नाही.

"पट्टा काढून बाहेरच्या कोनाड्यात ठेवला," बापू म्हणाले. "येडबा पुजाऱ्याच्या ओव्या तासभर चालल्या. मी डोळे मिटून बसलो होतो."

"बाहेर कोण होतं?"

"शिंदीचा गुत्तेदार आश्रुबा. तमाशाच्या फडाची मालकीण अंबाबाई. दोघं आपापला परवाना न्यायला आलेले. आणि आपला दफ्तरातला बन्सीधर."

दफ्तर देवळापासून पन्नास पावलांवर. तासाभरात किल्ली घेऊन जायचं, फाईल काढायची, पेटीतला शिक्का कोऱ्या कागदावर मारायचा आणि किल्ली परत ठेवायची. लंगडा माणूससुद्धा करील. तिघं जण, आणि ओव्या म्हणत आत-बाहेर करणारा येडबा धरला तर चार.

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. बापूंनी कपाळाला हात लावला.

३

आधी गेले आश्रुबाकडं. तो विड्यामागून विड्या ओढत होता.

"काय गं? शिंदी पाहिजे का?"

"कागद बघायचाय."

"बग की. फुकट हाय बगायला. तुज्या बापानंच दिला."

"तुमी वाचला का?"

"मला वाचता आलं असतं तर मी शिंदी इकली असती का? कमिटीत बसलो असतो!" आजूबाजूचे हसले. मी खांबाजवळ गेले.

कागद पिवळाधमक होता. हळद नुसती पडलेली नव्हती, कागदात मुरलेली होती. वरच्या बाजूनं तीन लाल डाग, रुंद, अंगठ्याएवढे. कागद उलटला तर मागं एकच मोठा लाल फराटा.

"हे लाल काय?"

"कुकू असंल."

"बिरोबाला कुंकू वाहत नाहीत."

"मग बिरोबाला इचार जा!" आश्रुबानं विडी फेकली, पण पायानं विझवायची विसरला. त्याला लिहिता येत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक. म्हणजे फायदा त्याचा, पण हात दुसऱ्याचा.

तिथून थेट कनातीत. अंबाबाई पानाला बोटानं चुना लावत होती.

"अगं माय! शाळकरी पोरगी तमाशाच्या कनातीत? तुझी आई मला केरसुणीनं हाणील."

"तुमाला लिहिता येतं का?"

"लावण्या काय कोंबडीच्या पायानं लिहिते मी?"

"दुकान विहिरीजवळ आलं तर तुमच्या कनातीला गर्दी वाढंल."

अंबाबाईनं पान गालात सारलं आणि माझ्याकडं नीट बघितलं. "लय तिखट हायेस. ऐक. पिलेली गर्दी माझ्या पोरींच्या अंगावर येती. मला दारूडं गिऱ्हाईक नको, शिट्ट्या मारणारं पाहिजे. हा माझा परवाना, बघ आन् नीघ."

तिच्या परवान्यावर भंडारा विरळ पडला होता, पाखडलेल्या पिठासारखा. घडीवर जास्त, कडेला कमी. मुरलेला नाही. लाल तर कुठंच नाही.

देवळात येडबा भिंतींना चुना देत होता. कोपरापर्यंत पांढरा.

"चुन्याला पैसे कुणी दिले, येडबाकाका?"

"आश्रुबानं. दरसाल देतो. काऊन?"

म्हणजे हाही मिंधा. आश्रुबाचं मीठ! "शुक्रवारी परवान्यांवर भंडारा कसा टाकला?"

"वरून उधळला. कागदाला हात लावायचा न्हाई, देवाचं असतं ते."

"मग आश्रुबाच्या कागदावरचा भंडारा चोळलेला कसा?"

येडबाचा कुंचला थांबला. "चोळलेला?" तो म्हणाला. "ती माझ्या देवाची सही न्हाई मग."

घरी आले तर बन्सीधरकाका आईशी बोलत बसलेले. बापूंच्या हाताखालचे कारकून. तंबाखू मळता मळता त्यांचे डोळे भरून येत होते.

"पार्वतीवहिनी, माझा इश्वास न्हाई बसत. निजामाच्या काळात सगळं दफ्तर उर्दूत होतं, ते मी सांभाळलं. मराठी आली तवा मला अक्षर येत न्हवतं. दिनकररावांनी संध्याकाळी बसून कित्ता दिला. त्यांच्या अक्षरावरून हात फिरवून शिकलो मी. असा माणूस असं करील?"

आईनं पदर डोळ्याला लावला. मलाही रडू आलं. काकांनी तंबाखूवर थाप मारली, चिमूट ओठात ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

ते गेल्यावर मला कळेना मी कशाला रडले. काका 'असं करील?' म्हणाले, पण 'केलं नाही' असं एकदाही म्हणाले नव्हते.

४

रविवारी दुपारी ओढ्यावरून पळत येताना माझा पाय मुरगळला. असा सुजला की चप्पल चढेना.

"जत्रेत तपास करत हिंड आणखी," आई म्हणाली. वाटीत हळद घेतली, त्यात चुना घातला, पाणी टाकून कालवलं आणि लेप घोट्यावर थापला.

मी ओरडणार होते, पण तोंड उघडंच राहिलं. वाटीतली हळद लाल झाली होती. लालभडक, कुंकवासारखी!

"आई! हे लाल कशानं झालं?"

"कशानं म्हणजे? हळदीला चुना लागला की होणारच. आजपर्यंत लेप पाहिला नाहीस का?"

पाहिला होता. शंभर वेळा. पण बघितला नव्हता.

परवान्यावरची हळद ज्यानं चोळली, त्याच्या हाताला चुना होता. देवाची सही खोटी करायला बसला, आणि स्वतःची करून बसला!

चुना कुणाच्या हाताला? आश्रुबा नुसत्या विड्या ओढतो. येडबा कोपरापर्यंत चुन्यात, पण त्याच हातानं त्याच वेळी उधळलेला अंबाबाईचा परवाना स्वच्छ पिवळा आहे. म्हणजे येडबा सुटला. अंबाबाई पानाला चुना लावते, पण एकाच बोटाच्या टोकानं. आणि कागदावर वर रुंद अंगठा, मागं अख्ख्या तळव्याचा फराटा.

मी डावा तळवा पुढं केला, त्यावर वहीचा कागद ठेवला आणि उजव्या अंगठ्यानं चोळला. एकदा, दोनदा. मग काय करत होते ते माझं मलाच दिसलं.

मी तंबाखू मळत होते.

५

सोमवारी लंगडत केवळाबाईच्या दारात गेले. तिनं दार लावायला घेतलं.

"मावशी, तुमच्या ग्यानबाचा डोळा इकणारा माणूस दुसरा हाय. दुपारी तुमी तहसीलदारांना एकच गोष्ट मागा. बेल-भंडारा उचलायला लावा."

"आन् तुज्या बापालाबी?"

"त्यांना सगळ्यात आधी."

केवळाबाईनं दार उघडं ठेवलं.

दुपारी लिंबाखाली खुर्ची टाकून तहसीलदार बसले. समोर सगळी जत्रा लोटलेली. खांबावरचा परवाना काढून टेबलावर ठेवला होता. चंद्रभानशेठांनी बापूंचा गुन्हा दहा मिनिटं सांगितला. मग केवळाबाई पुढं झाली.

"सायेब, कागदानं कागद खोटा पडतो. आमाला देवाची शपथ पाहिजे. शुक्रवारी जे जे देवळात होते, त्यांनी भंडारा उचलावा."

"उचला! उचला!" मागून बायकांचा गलका झाला. एक्केचाळीस जणी होत्या, आवाज चारशेचा. तहसीलदार हसले आणि हातानं 'होऊ द्या' म्हणाले.

येडबा परडी घेऊन आला. माझ्या सांगण्यावरून त्यानं हात तीनदा धुतले होते. दोन्ही तळव्यांवर बेलाचं पान, त्यावर मूठभर भंडारा, वरून तीर्थाची धार. बोलायचं, 'हा कागद मी लिहिला न्हाई, लिहिणारा मला माहीत न्हाई.' मग तळवे चोळून लोकांना दाखवायचे.

बापूंनी उचललं. तळवे सोन्यासारखे पिवळे.

आश्रुबा आला. "हा कागद मी लिहिला न्हाई..." आणि गाडी अडकली. "पुढं बोल!" लोक ओरडले. तो घाम पुसत राहिला. तळवे मात्र पिवळेच.

अंबाबाईनं खणखणीत आवाजात शपथ घेतली. तळवे दाखवले आणि जत्रा हादरली. तिच्या एका बोटाचं टोक लाल!

"बिरोबानं कौल दिला!" कुणीतरी किंचाळलं. अंबाबाईचा चेहरा पांढरा पडला.

"थांबा!" मी ओरडले. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नव्हते. "अजून एक जण राहिलाय."

बन्सीधरकाका सकाळपासून तंबाखूच मळत होते. भीती वाटली की माणूस आपल्या नादाकडं धावतो. त्यांनी भंडारा घेतला, शपथ पुटपुटली आणि ते मूठ उघडेनात.

"उघडा, काका."

येडबानंच बोटं उलगडली. डाव्या तळव्याच्या मधोमध लाल थारोळं. उजवा अंगठा लाल.

ढोलवालासुद्धा थांबला.

"हा कौल नाही, साहेब," मी म्हणाले. "हा चुना आहे. आईला विचारा, मुरगळलेल्या पायाला रोज लावते. अंबाबाईंच्या बोटाला पानाचा चुना, म्हणून टोक लाल. आता तो परवाना घ्या. वरून बोटाचं टोक दिसतं का? अंगठा दिसतो. उलटा करा. मागं तळवा दिसतो. कागद तळव्यावर ठेवून हळद अशी मळली, जशी तंबाखू मळतात. येडबाकाका भंडारा वरून उधळतात, तो कागदात मुरत नाही. देवाची सही खोटी करायला गेले आणि हाताची सवय आडवी आली."

"पण अक्षर दिनकररावांचं आहे," तहसीलदार म्हणाले.

"अक्षर बापूंचंच आहे. त्यांनीच दिलंय ते यांना. सहा वर्षं, रोज संध्याकाळी."

बापूंनी मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदा. ते बन्सीधरकाकांकडं बघत राहिले, आणि मला वाटलं, चोर ठरल्यावर झालं नव्हतं एवढं दुःख आत्ता त्यांना झालं.

तेवढ्यात आश्रुबाचा धीर सुटला. "सायेब, मला शपथ मोडायची न्हाई! पहाटं यानंच हा कागद आणून दिला. पहिला घेऊन गेला. म्या फक्त गप बसलो!"

"आणि फाईल?" तहसीलदारांनी मला विचारलं. मला! चंद्रभानशेठांना नाही.

"बन्सीधरकाकांनी वीस वर्षं दफ्तर सांभाळलंय. खोटा कागद करतील, पण फाईल जाळणार नाहीत. त्यांचा हात धजणार नाही. दफ्तरात असा एकच कोपरा आहे जिथं त्यांच्याशिवाय कुणी बघत नाही."

निजामाच्या वेळच्या उर्दू कागदांचे बस्ते, म्हणजे कापडी गाठोडी, मागच्या कपाटात पडून आहेत. ते आता दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत. शिपायानं तिसरा बस्ता सोडला. एक्केचाळीस अंगठ्यांचा अर्ज आत होता, ठराव होता, आणि बापूंनी लिहिलेला खरा परवानाही. तिन्ही नीट दोरा बांधून, वर उर्दूत चिठ्ठी लावून!

६

"व्हय, मीच केलं," बन्सीधर म्हणाले. आता त्यांना काका म्हणायची माझी इच्छा नव्हती. "वीस वर्षं मी मुन्शी होतो. एक हुकूम आला आन् सकाळी उठलो तर अडाणी. कालचा पोरगा माझा साहेब. त्याच्यापुढं पाटी धरून बसलो मी, या वयात. त्यानं हिणवलं असतं तर बरं झालं असतं. तो रोज म्हणायचा, छान जमलं, बन्सीधरराव. रोज!"

दुकान तासाभरात ओढ्यापलीकडं गेलं. आश्रुबाचा खोटा परवाना रद्द झाला. मडकी वाहून न्यायला कुणी त्याला हात दिला नाही. चंद्रभानशेठांनी किल्लीचा पट्टा बापूंच्या हातात दिला, तेव्हा केवळाबाई पुढं आली आणि काही न बोलता तिनं बापूंच्या पायाला हात लावला. बापू मागं सरकले.

"बन्सीधरला जाऊ द्या, साहेब," ते म्हणाले. "नोकरी गेली, इज्जत गेली. बस झालं."

"तुझं काय म्हणणं, पोरी?" तहसीलदारांनी विचारलं.

मी दगडाकडं बोट दाखवलं. "आधी तिथं बसू द्या."

बन्सीधर बसले. मी घरी जाऊन, लंगडत का होईना, कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि बापूंची दौत घेऊन आले. पहिल्या कागदावर ओळ लिहिली, 'दिनकररावांनी परवाना विकला नाही. तो मी चोरला.'

"आमच्या शाळेत चुकलं की लिहून काढावं लागतं," मी म्हणाले. "एक्केचाळीस वेळा. आज संध्याकाळच्या आत प्रत्येक दुकानाच्या खांबाला एक."

"कस्तुरा," बापू म्हणाले, "त्याचं अक्षर माझ्यासारखं आहे. लोक म्हणतील मीच लिहिलं."

"म्हणून खाली सही घ्यायची नाही. अंगठा घ्यायचा."

बन्सीधरांनी दचकून वर पाहिलं. उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणारा मुन्शी. त्यांना अंगठ्याचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त कळत होता. तहसीलदारांनी मिशीवर हात ठेवला आणि दुसरीकडं बघितलं. नाही म्हणाले नाहीत.

येडबानं भंडाऱ्याची परडी दगडावर ठेवली. अंबाबाईनं स्वतःची चुन्याची डबी उघडून शेजारी सरकवली. "घ्या मुन्शीजी," ती म्हणाली, "माझं बोट बघून जत्रा ओरडली होती."

एक कागद, एक ओळ, एक लाल अंगठा. केवळाबाई कागद उचलायची आणि खांबाला लावायला ओळीनं एकेका बाईच्या हातात द्यायची. त्यांना वाचता येत नव्हतं, पण अंगठा ओळखता येत होता.

पंचविसाव्या कागदाला बन्सीधरांच्या हातून दौत कलंडली. शाईवर एक थेंब पडला. घाम होता की दुसरं काही, मी वाकून बघितलं नाही.

"बस झालं, कस्तुरा," बापू म्हणाले. "चल घरी."

"अजून सोळा राहिलेत."

बापूंनी किल्ली कमरेला लावली आणि एकटेच निघाले. जाताना ते बन्सीधरांजवळ वाकले आणि कलंडलेली दौत सरळ करून गेले.

मी सुजलेला पाय लांब करून दगडासमोर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "सव्वीस."